खिडकीतून घोडा दिसत नाही

महालक्ष्मीच्या टोटच्या खिडकीत बसलं की घोडा दिसत नाही. दिसतात ते हात. नोट धरलेले, पुस्तकाची सुरळी धरलेले, शेवटच्या मिनिटाला थरथरणारे. रेस सुटली की खिडकीसमोरची गर्दी एका क्षणात पळून जायची, मागे स्टँडमधून आरोळी उठायची, चढत जायची आणि एकदम फुटायची. कोण जिंकलं ते आम्हाला त्या आवाजावरून कळायचं. आरोळी दणदणीत असेल तर फेव्हरिट आला. कुजबुज झाली तर कुणीतरी भलताच आला, आणि मग पैसे घ्यायला आमच्याकडे रांग लागणार नाही.

मी आठवडाभर बँकेत कॅशियर आणि सीझनमध्ये रविवारी टोटच्या खिडकीत. दोन्हीकडे काम नोटा मोजण्याचंच. फरक एवढाच, की बँकेत पैसे ठेवायला येणारा माणूस चिंतेत असायचा आणि इथे पैसे घालवायला येणारा खुशीत. अजूनही चाळीतले लोक विचारतात, “एवढी वर्षं तिथे बसलात, एखादी टिप द्या की!” टिप माझ्याकडे कधीच नव्हती. आपण नेमकं कसलं तिकीट घेतलंय हे मात्र मी सांगू शकतो. आणि ते निम्म्या लोकांना माहीत नसायचं.

हे मैदान 1883 सालचं. त्याआधी मुंबईच्या रेस भायखळ्याला व्हायच्या. मेलबर्नच्या कॉलफिल्ड मैदानाच्या धर्तीवर ट्रॅक आखला गेला आणि 1935 मध्ये रेस भरवणाऱ्या क्लबाच्या नावाला ‘रॉयल’ लागलं. थंडी-उन्हाळ्यात महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे, असा घोड्यांचा वर्षाचा फेरा. 1930 मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा ती फक्त शनिवार-रविवारी धावायची आणि तिच्यात पुण्याच्या रेसला निघालेले शौकीन भरपूर असायचे. ती गाडी पकडायची घाई करणारे आज बहुतेक चाकरमाने. असो.

टोट म्हणजे टोटलायझेटर. कल्पना पॅरिसची, 1867 सालची, जोसेफ ओलेर नावाच्या माणसाची. ‘मूलाँ रूज’ हे प्रसिद्ध नाचघर पुढे ज्यांनी काढलं त्यांतलाच हा एक, म्हणजे माणसाच्या खिशाची नस ओळखून असणार. कल्पना अशी की सगळ्यांनी लावलेले पैसे एका गल्ल्यात टाकायचे, त्यातून व्यवस्थेचा आणि सरकारचा वाटा काढायचा आणि उरलेला गल्ला जिंकणाऱ्यांत वाटायचा. पुढे जॉर्ज ज्युलियस या इंजिनिअरनं हे गणित करणारं यंत्र बनवलं, ते 1913 मध्ये ऑकलंडला बसलं. गंमत म्हणजे ते त्यानं मुळात निवडणुकीतली मतं मोजायला आखलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या सरकारनं ते नको म्हटलं, तेव्हा त्यानं ते रेसकडे वळवलं. मला ही हकीकत फार आवडते, कारण टोट म्हणजे मतदानच आहे. बोर्डावर घोड्यापुढे दिसणारा आकडा घोड्याची ताकद सांगत नाही. शेजारच्या माणसानं कुणाला मत दिलंय, एवढंच तो सांगतो.

हिशेब करून दाखवतो. समजा एका रेसच्या ‘विन’च्या गल्ल्यात एक लाख रुपये जमले. समजा शेकडा 20 कापले. राहिले 80 हजार. चार नंबरच्या घोड्यावर लोकांनी 40 हजार लावलेत. तो जिंकला तर रुपयाला दोन रुपये, म्हणजे दहाच्या तिकिटाला वीस. नऊ नंबरवर सगळे मिळून दोनच हजार लागलेत. तो जिंकला तर दहाच्या तिकिटाला चारशे. तेच मैदान, तेच दोन घोडे. उद्या लोकांचं मन फिरलं आणि नऊ नंबरवर 40 हजार लागले, तर त्याच घोड्याचे वीस मिळतील. घोडा रात्रीत बदललेला नसतो.

म्हणून ‘चार नंबर जिंकणार का?’ हा अर्धाच प्रश्न झाला. दहाचे वीस द्यायचे तर तो दोनदा धावून एकदा जिंकणारा घोडा असायला हवा. तेवढा भरवसा असेल तर पैसे लावण्यात अर्थ. तिनात एकदाच जिंकणारा असेल, तर तो आज जिंकला तरी तुम्ही घासाघीस न करता महाग भाजी घेतलीत. फेव्हरिट साधारण तिनात एकदा जिंकतो, हे जगभरच्या मैदानांवरचं जुनं गणित आहे. उरलेल्या दोन वेळा आमच्या खिडकीपुढे कुजबुज.

टोटची आणखी एक खोड आहे. भाव शेवटच्या क्षणापर्यंत हलतो. तुम्ही दहाचे साठ बघून तिकीट घेतलंत, गेट उघडायच्या आधी कुणी मोठा गठ्ठा लावला, की हातात पस्तीस पडतात. “साहेब, बोर्डावर साठ होते!” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतही उत्तर देईन: होते, काका.

आता ‘प्लेस’. घोडा पहिल्या काहींत आला की पैसे. घोडे पुष्कळ असतील तर पहिले तीन, कधी चार; घोडे मोजके असतील तर दोनच. प्लेसचा गल्ला वेगळा आणि तो सगळ्या प्लेसवाल्यांत वाटायचा, त्यामुळे डिव्हिडंड, म्हणजे तिकिटामागे हातात पडणारी रक्कम, बारीक. लाडक्या घोड्याच्या प्लेसला दहाचे अकरा घेऊन जाणारी माणसं मी बघितली आहेत, आणि त्या अकरावर त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा. ‘एस.एच.पी.’ नावाचं तिकीट मात्र फसवं. त्यात घोडा बरोबर दुसराच यायला हवा. पहिला आला तरी पैसे बुडाले. आपलाच घोडा जिंकू नये म्हणून दोनशे मीटरवर नवस बोलणारी माणसं जगात फक्त याच तिकिटानं तयार केली असतील.

त्यापुढे जोड्या. ‘क्विनेला’त पहिले दोन कोणत्याही क्रमानं, ‘फोरकास्ट’मध्ये तेच दोन नेमक्या क्रमानं, ‘तनाला’त पहिले तीन नेमक्या क्रमानं. दहा घोड्यांच्या रेसमध्ये क्विनेलाच्या जोड्या 45 होतात, फोरकास्टच्या 90, आणि तनालाचे प्रकार 720. डिव्हिडंड मोठे का, त्याचं उत्तर या आकड्यांतच आहे. तरी लोक “तनाला लागला” हे सांगताना आपण घोडे ओळखले असं सांगतात. सातशे वीस दारांतलं एक उघडलं, असं कुणी म्हणत नाही.

जॅकपॉट म्हणजे ओळीनं पाच रेसचे विजेते. प्रत्येक रेसमध्ये दहा घोडे धरले तर एक लाख प्रकार. माणूस मग प्रत्येक रेसमध्ये दोन-तीन घोडे धरतो आणि तिकिटं गुणाकारानं वाढतात. पाचही रेसमध्ये दोन दोन धरले तर 32 तिकिटं, तीन तीन धरले तर 243. म्हणून हुशार माणूस एखाद्या रेसमध्ये एकच घोडा धरतो. त्याला ‘बँकर’ म्हणतात. मी बँकेतलाच असल्यामुळे माझी त्यावरून थट्टा व्हायची, “तुमचा बँकर पडला बघा!” सगळा जॅकपॉट त्या एका घोड्यावर उभा, आणि तोच चौथा यायचा.

टोटच्या पलीकडे रिंग, म्हणजे परवानाधारक बुकींचे स्टँड. तिथलं शास्त्र वेगळं. बुकीचा भाव तुम्ही घेतलात की तुमच्यापुरता पक्का झाला. एकाला चार म्हणजे शंभर लावून जिंकलात तर चारशे फायदा आणि तुमचे शंभर परत. पुढच्या मिनिटाला त्यानं भाव एकाला दोन केला तरी तुमचं तिकीट चारचंच. इथे लढत बुकीशी असते. तुम्ही ‘लावता’, तो ‘खातो’. मराठीतली ही दोन क्रियापदं रिंगमध्ये जितकी नेमकी वापरली जातात तितकी कुठेच नाहीत.

बुकी पोट कसं भरतो ते भावातच लिहिलेलं असतं. पाच घोडे धरा. एकाचा भाव बरोबरीचा, दुसऱ्याचा एकाला दोन, तिसऱ्याचा चार, उरलेल्या दोघांचा नऊ नऊ. बरोबरीचा भाव म्हणजे शंभरात पन्नास संधी, दोनचा म्हणजे 33, चारचा 20, नऊचे दहा-दहा. बेरीज करा. 123 होतात. संधी शंभराच्या वर जातील कशा? तो वरचा 23 चा फुगवटा म्हणजे बुकीचं दुकान. मी ही बेरीज एकदा आमच्या एका तरुण ग्राहकाला त्याच्याच रेसबुकच्या मागच्या पानावर करून दाखवली. त्यानं पान फाडून खिशात ठेवलं आणि रिंगकडे धावला, कारण तोवर भाव सुटत होता.

हे सगळं कायद्यात बसतं का, असं बँकेतले सहकारी विचारायचे, दबक्या आवाजात. बसतं. मुंबई इलाख्याच्या 1887 च्या जुगारबंदी कायद्यात परवाना असलेल्या रेसकोर्सवरच्या पैजांना सूट आहे आणि रेसकोर्सचे परवाने 1912 च्या कायद्यानं दिले जातात. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये लक्ष्मणन खटल्यात रेस हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. घोड्याचं घराणं, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, ओली जमीन की कोरडी, हे सगळं अभ्यासता येतं. मला निकाल मान्य आहे. फक्त रांगेतल्या कितीजणांनी तो अभ्यास केलेला असायचा, ते न्यायमूर्तींना आमच्या खिडकीतून दिसलं असतं. करवाल्यांना कौशल्याशी देणंघेणं नाही. 2017 पासून जीएसटी 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 झाला. शिवाय एका फटक्यात दहा हजारांवर जिंकलात तर 30 टक्के आयकर तिथेच कापतात. टोटची नेहमीची कापणी पुन्हा वेगळीच.

दिवसाची शेवटची रेस मला आवडायची नाही. तोपर्यंत बहुतेकांचे पैसे गेलेले. मग फेव्हरिटकडे कुणी बघत नसे. दहाचे सहाशे, आठशे दाखवणाऱ्या घोड्यांवर नोटा पडायच्या. सकाळपासूनचं सगळं एका तिकिटात वसूल करायचं असायचं. मला वाटायचं ही आपल्याकडचीच खोड. मग कळलं, अमेरिकेतल्या रेसचे भाव तपासून ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1949 मध्येच लिहून ठेवलंय, की लोक लांबच्या भावाच्या घोड्यावर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. म्हणजे शेवटच्या रेसमधला सुजाण पैसा फेव्हरिटवर असायला हवा. तो कुणाकडे उरलेला असला तर.

माझ्या खिडकीवर एक म्हातारे यायचे. गिरणीत साचे चालवून निवृत्त झालेले, धुतलेलं धोतर, काळी टोपी. त्यांचं एकच वाक्य: “साहेब, अमुक नंबर, प्लेस, दोन.” कधी विन नाही, जॅकपॉट तर नाहीच. मी एकदा म्हटलं, “काका, एवढा अभ्यास करता, एखादी विन घ्या की.” ते म्हणाले, “पहिला कोण येतो ते देवाला ठाऊक. पहिल्या तिनात कोण ते मला थोडंफार कळतं.”

त्यांच्या खिशात छोटी वही असायची. प्रत्येक तिकीट तारखेनिशी टिपलेलं, किती लावले, किती आले. बेरीज मात्र कधी केलेली नाही. सीझनच्या शेवटच्या रविवारी त्यांनी ती वही खिडकीतून आत सरकवली. “तुम्ही बँकेतले. जरा बघा.” दोन रेसच्या मधल्या वेळात मी पेन्सिलनं बेरीज केली. लावले 6,240. आले 4,985. गेले 1,255. म्हणजे शेकडा वीस, वर हिशेबात धरलेल्या टोटच्या कापणीएवढेच. वर्षभर शिकून-सवरून, घोडे बघून, पॅडॉकच्या कठड्याला टेकून ते ना फार हुशार ठरले होते ना मूर्ख. लोकांच्या मताएवढंच त्यांचं मत निघालं होतं.

मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा वर केला, ओठांत पुटपुटत महिन्यांनी भागून बघितलं.

“एवढ्यात महिन्याला किती नाटकं झाली असती?”

“तीन-चार तरी. पुढच्या रांगेतली.”

“आणि तिकिटाचे परत किती मिळाले असते?”

मागच्या माणसानं “चला, चला” केलं. पाच मिनिटांत गेट उघडणार होतं. म्हाताऱ्यांनी वही खिशात घातली आणि नोट पुढे केली.

“साहेब, सात नंबर, प्लेस, दोन.”