कोरियनच्या वर्गात मराठी घेऊन जा

कोरियन जेवणातल्या रस्स्याला एक शब्द आहे. तो लिहितात 'कुक्मुल' आणि म्हणतात 'कुङ्मुल'. विद्यापीठाच्या पहिल्या सत्राला बसलेला युरोपीय किंवा अमेरिकी विद्यार्थी इथे थबकतो. लिहिलाय क, मग हा नाकातला आवाज आला कुठून? शाळेत वाक् + मय = वाङ्मय घोकलेल्या माणसाला हा प्रश्न पडू नये. 'संपणे' या क्रियापदाचंही तसंच. लिहायचं 'क्कत्‌नादा', म्हणायचं 'क्कन्नादा'; आपण जगत् + नाथचं जगन्नाथ करतो तसं. कोरियाच्या प्राचीन राज्याचं नाव लिहितात 'सिन्‌ला' आणि उच्चारतात 'सिल्ला'. तिथे आपला 'तल्लीन' आठवावा. फरक एवढाच की आपण संधी झाल्यावरचं रूप कागदावर उतरवतो, तर कोरियन लोक मूळ रूप जपून ठेवतात आणि संधी तोंडावर सोडतात. म्हणून तिथल्या वर्गात श्रुतलेखन हा मोठाच विषय असतो. कानाला 'कुङ्मुल' ऐकू येतं, आणि हाताला 'कुक्मुल' लिहावं लागतं.

संस्कृत आणि कोरियन यांचं काही नातं नाही. जीभ आणि टाळू सगळीकडे सारखे, एवढाच या साम्याचा अर्थ. पण वाङ्मयाच्या संधीचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्यालाही हा धडा इंग्रजीतून, 'अनियमित उच्चारांची यादी' म्हणून पाठ करताना पाहिलं की हळहळ वाटते. कोरियन शिकण्याची बहुतेक पुस्तकं आणि ॲप इंग्रजी बोलणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेली आहेत. काय सोपं आणि काय अवघड, हेही त्यांनीच ठरवून टाकलेलं असतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था कोरियनला सर्वांत अवघड भाषांच्या गटात घालते आणि तिच्यासाठी 88 आठवडे, म्हणजे वर्गातले 2200 तास लागतील असं सांगते. तो हिशोब इंग्रजी मातृभाषेच्या राजनैतिक अधिकाऱ्यांचा आहे. मराठी माणसाचा हिशोब वेगळा निघतो. कमी की जास्त, हे कुठल्या धड्याबद्दल बोलतोय त्यावर अवलंबून.

नवख्यासाठी विद्यापीठातला रस्ता दोन तऱ्हांचा आहे. एक सोलमधला. तिथे विद्यापीठांना जोडलेल्या भाषासंस्था आहेत. योनसे विद्यापीठाची संस्था 1959 पासून चालते. सोगांग आणि एह्वा ही विद्यापीठं त्याच सिन्चोन परिसरात हाकेच्या अंतरावर आहेत. या संस्थांचा साचा साधारण सारखाच: एक सत्र 10 आठवड्यांचं, आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास, म्हणजे सत्राला 200 तास. अशा सहा पायऱ्या. वर्गात चिनी, जपानी, व्हिएतनामी, युरोपीय असे सगळे एकत्र, त्यामुळे शिक्षिका पहिल्या दिवसापासून कोरियनच बोलते. हजेरी कमी पडली तर पुढची पायरी मिळत नाही. दुसरा रस्ता आपल्याकडच्या पदवीचा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन 1970 च्या दशकात आली आणि 1990 च्या दशकात तिचा पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे मुळाक्षरांपासून सुरुवात होते, पण वर्गाबाहेर पडलं की भाषा संपते. सोलमध्ये बसचा थांबा, दुकानाची पाटी, घरमालकीण सगळेच शिकवणी घेतात.

पहिला आठवडा लिपीचा, आणि तो फसवा असतो, कारण फारच सोपा जातो. हांगुल ही लिपी राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. तोवर कोरियन दरबार चिनी अक्षरांत लिहीत होता आणि सामान्य माणसाला ती अक्षरं येत नव्हती. दरबारी पंडितांपैकी छ्वे मानरी याने 1444 मध्ये राजाकडे रीतसर विरोध नोंदवला. चिनी अक्षरं सोडणं त्याला रानटीपणाचं वाटत होतं. सुरुवातीला 28 अक्षरं होती, आज 24 मूळ अक्षरं उरली आहेत: 14 व्यंजनं आणि 10 स्वर. व्यंजनांचे आकार उच्चारस्थानांवरून काढलेले आहेत. 'न' म्हणजे वरच्या हिरडीला टेकलेली जीभ, 'म' म्हणजे तोंडाची चौकट, 'स' म्हणजे दात. ध्वनींचे गट कंठ, जीभ, ओठ, दात यांनुसार पाडले आहेत आणि हे आपल्याला ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. सेजोंगच्या पंडितांनी ही विभागणी चिनी ध्वनिशास्त्रातून घेतली, आणि त्या ध्वनिशास्त्रावर बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या भारतीय वर्णविचाराचा संस्कार होता. कवर्ग, तवर्ग, पवर्ग बराच लांबचा फेरा मारून तिथे पोचले.

हांगुलमध्ये कच्या आकारात एक रेघ वाढवली की ख होतो, तीच रेघ तला थ करते. आपल्या क आणि ख या अक्षरांचं मात्र दिसण्यात एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. आणखी एक गंमत. शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला तर कोरियनमध्ये आधी एक रिकामं वर्तुळ काढतात आणि त्याला स्वराची खूण जोडतात. सावरकरांनी सुचवलेली 'अ'ची बाराखडी, अि, अी, अु, ज्यांनी जुन्या छापील मराठीत पाहिली असेल, त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

लिपी आली की विद्यार्थी खुशीत असतो, आणि मग कानाची परीक्षा सुरू होते. कोरियनमध्ये चंद्र, मुखवटा आणि मुलगी हे तीन शब्द फक्त पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. इंग्रजीवाल्याला तिन्ही सारखेच ऐकू येतात. आपल्याला यातले दोन जवळजवळ फुकट मिळतात. मुखवट्याचा थ म्हणजे आपला थ, महाप्राण. मुलगीचा दाबून उच्चारलेला त म्हणजे साधारण आपला 'ताट'मधला त. घोळ चंद्राचा. त्याचं पहिलं व्यंजन शब्दाच्या सुरुवातीला त आणि थच्या मध्ये कुठेतरी, खालच्या पट्टीत येतं आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलं की सरळ द होतं. घोष आणि अघोष हा फरक आपल्यासाठी दगडावरची रेघ आहे: तार वेगळी, दार वेगळं. कोरियन कानाला तो अर्थाचा फरक वाटतच नाही. म्हणून त्यांच्या बंदराचं नाव जग कधी पुसान तर कधी बुसान लिहीत आलं. 2000 मध्ये रोमन लिपीचे सरकारी नियम बदलले आणि बुसान अधिकृत झालं. तिथल्या चित्रपट महोत्सवाने मात्र जुनं नाव 2011 पर्यंत चालवलं. शहर तेच, उच्चारही तोच.

इथे एक सल्ला, जो बहुतेक विद्यार्थी धुडकावतात: वहीत कोरियन शब्द देवनागरीत लिहून ठेवू नयेत. (हा लेख तेच करतो आहे, पण हा लेख परीक्षेला बसणार नाही.) देवनागरीत 'जो' लिहिलं की मराठी जीभ 'जो माणूस'मधला दंततालव्य ज काढते. कोरियन ज आणि च मात्र नेहमी 'जीव' आणि 'चिमणी'सारखे तालव्य. फचंही तेच. आपण हल्ली फळसुद्धा दात ओठाला लावून म्हणतो. कोरियनला दोन्ही ओठ मिटून सोडलेला खरा फ हवा असतो. जुन्या पिढीच्या तोंडी तो अजून आहे.

व्याकरणात मात्र मराठी माणूस घरी आल्यासारखा वावरतो. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला मागून, इथवर ठीक. खरी मजा दुसऱ्या पायरीवर येते. 'बोदा' म्हणजे बघणे. ते दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की 'मॉगॉ ब्वायो': खाऊन बघा. 'चुदा' म्हणजे देणे, ते जोडलं की करून देणे. 'नोता' म्हणजे ठेवणे, तर करून ठेवणे. आणि 'बॉरीदा' म्हणजे टाकणे, फेकणे. ते जोडलं की करून टाकणे. त्या टाकण्यात जो 'संपलं एकदाचं'चा सुस्कारा आहे, किंवा 'अरेरे, करून बसला'ची चुटपुट, ती दोन्ही भाषांत आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तक हे समजावताना अर्धं पान खर्च करतं. मराठीत चार शब्द लिहिले की झालं.

पुढे तिसऱ्या पायरीच्या आसपास विशेषणवाक्यं येतात. 'काल पाहिलेला सिनेमा', 'मी खाल्लेला भात' ही रचना कोरियनमध्ये जशीच्या तशी आहे. 'जो', 'जी'ची गरज नाही. 'येतो म्हणाला' हेसुद्धा याच क्रमाने जातं: आधी बोललेलं, मग ते जोडणारा प्रत्यय, मग म्हणणं. नामांना लिंग नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. तीन लिंगांच्या जंगलात वाढलेल्या माणसाला हे सुट्टीसारखं वाटतं.

हे साम्य पाहून नाती जोडायचा मोह होतो. होमर हल्बर्ट या अमेरिकी मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तुलनेचं पुस्तकच लिहिलं. आजही आई-वडिलांसाठीचे 'ऑम्मा' आणि 'आप्पा' हे कोरियन शब्द तमिळशी ताडून दाखवणारे उत्साही लोक भेटतात. भाषाशास्त्रज्ञ हे नातं मानत नाहीत, आणि आई-बापासाठीचे शब्द जगभर म, प यांच्याभोवतीच फिरतात. कॉलिन मॅसिका यांचं 1976 मधलं काम जास्त पटण्यासारखं आहे. भारतीय भाषांची म्हणून समजली जाणारी अशी बरीच वैशिष्ट्यं मध्य आशियातून थेट कोरिया-जपानपर्यंत पसरलेली दिसतात, असं त्यांनी नकाशे काढून मांडलं.

सगळंच काही असं जुळत नाही. 'घरी आहे' आणि 'घरी जेवतो' यांत आपण एकच 'घरी' वापरतो. कोरियनमध्ये नुसत्या असण्याला एक प्रत्यय आणि काही करण्याला दुसरा. पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका या एका चुकीने लाल होतात. कर्त्याला लागणारे दोन प्रत्यय ही दुसरी डोकेदुखी. त्यातल्या एकाचा सूर पुष्कळदा आपल्या 'तर' किंवा 'मात्र'सारखा असतो ('चहा तर झाला'), पण तो 'तर'पेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो. संख्यांचे दोन संच आहेत, एक देशी आणि एक चिनी. साडेतीन सांगताना तास देशी संख्येत आणि मिनिटं चिनी संख्येत. याला इलाज नाही, पाठ करायचं.

आदराचा विषय वेगळाच. 'आजोबा आले' म्हणताना आपण अनेकवचनाने मान देतो. कोरियन क्रियापदाच्या पोटात त्यासाठी एक अक्षर घालतात. हे पटकन कळतं. पण ज्याच्याशी बोलतोय त्याचा मान निराळा, आणि तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी दाखवावा लागतो. 'आलो रे', 'आलो गं', 'आलो हो' यांतला शेवटचा शब्द प्रत्येक वाक्याला सक्तीचा केला तर कसं होईल, तसं. विद्यापीठात आधी 'यो' या शेवटाची सभ्य बोली शिकवतात. मालिका पाहून आलेली मुलं मात्र मित्रांमधली अरे-तुरे घेऊन येतात आणि प्राध्यापकांना एकेरीत प्रश्न विचारतात. बरं, 'तुम्ही'साठी बिनधोक सर्वनामही नाही. समोरच्याला त्याच्या हुद्द्याने किंवा नात्याने हाक मारायची. मोठ्या भावाला मुलगा 'ह्यॉङ' म्हणतो आणि मुलगी 'ओप्पा'. आपला दादा दोघांचाही दादा असतो.

मराठी विद्यार्थी मागे पडतो तो शब्दसंग्रहात. शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत, त्यामुळे चिनी आणि जपानी वर्गबंधू दुसऱ्या सत्रापासून पुढे पळतात. त्यावर तोड एकच, शब्द कुटुंबाने लावायचे. 'हाक' म्हणजे शिकणं. त्यातून विद्यार्थी (हाक्सेङ), शाळा (हाक्क्यो), विद्यापीठ (देहाक्क्यो), सत्र (हाक्की), साहित्य (मुनहाक) आणि गणित (सुहाक). विद्या या एका शब्दावरून विद्यार्थी, विद्यालय, विद्यापीठ ओळखणाऱ्याला ही रीत नवी नाही.

कोरियन कितपत येते हे तपासणाऱ्या परीक्षेचं नाव टोपिक, 1997 पासून चालणारी. पहिल्या पेपरात ऐकणं आणि वाचणं मिळून 200 गुण. 80 ला पहिली पातळी, 140 ला दुसरी. तिसऱ्या ते सहाव्या पातळीचा पेपर वेगळा, 300 गुणांचा, त्यात लेखनही येतं. कोरियातल्या पदवी प्रवेशासाठी साधारण तिसरी पातळी मागतात. कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनाही आधी भाषेच्या वर्षात तिथवर पोचावं लागतं. या दोन्ही पेपरांत बोलणं नाही. बोलण्याची स्वतंत्र परीक्षा 2022 मध्ये आली. त्यामुळे चौथी पातळी मिळवूनही फोन आला की गप्प होणारे विद्यार्थी भेटतात.

आणि काम देणारे विचारतात ते बोलण्याबद्दलच. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचा, छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याला ह्योसंगचा. अशा ठिकाणच्या दुभाष्याला मालिकांतल्या प्रेमाच्या संवादांचा उपयोग नसतो. त्याला यंत्राचे भाग, पाळ्यांची वेळापत्रकं आणि दोषांचे अहवाल तोंडी सांगावे लागतात. कोरियन इंजिनिअरने 'हे आधी करून ठेवा' म्हटलं आणि दुभाष्याने ते इंग्रजीतून फिरवलं, की त्यातलं 'ठेवा' वाटेतच गळतं. थेट मराठीत आणलं तर ते जागेवर राहतं.