रंगकामाचं लक्ष्य दिवसांत मोजा

भंडारा जिल्ह्यात रंगकामाला दिवाळीआधी आणि उन्हाळ्यातल्या लग्नसराईआधी जोर येतो. जून ते सप्टेंबर ओल्या भिंती पुट्टी धरत नाहीत, बाहेरचं काम थांबतं. धानपट्ट्यात गिऱ्हाइकाचा हातही धान विकल्यावरच मोकळा होतो. म्हणून तीन-चार माणसांच्या ठेकेदाराने ‘यंदा उलाढाल दुप्पट’ असं लक्ष्य धरण्यात फारसा अर्थ नाही. दिवाळीत ती फुगेल आणि श्रावणात कारागीर नागपूरची वाट धरतील. खरं लक्ष्य म्हणजे पावसाळ्यात प्रत्येक हाताला किती दिवस काम. त्यासाठी आतल्या खोल्या, दुकानं, दारं-खिडक्यांचं ऑइल पेंट ही कामं मे महिन्यातच बोलून ठेवावी लागतात. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीलाही आधीच्या वर्षातले किमान 90 दिवस काम दाखवावं लागतं, तेव्हा दिवसांची नोंद नुसती हौस नाही.

काम गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, मग लक्ष्य कसलं, असं कुणी म्हणेल. मर्जी आपल्या हाती नाही हे खरं. पण भाव सांगण्याआधी टेपने भिंत मोजणं, ओल तपासणं, पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग आणि मजुरी कागदावर वेगळी लिहिणं हातात आहे. अंदाजाने ‘ठोक’ भाव सांगणारा बहुधा दुसऱ्या हाताच्या रंगात नफा घालवतो. लिहायला वेळ कुठे, हा आक्षेप मला पटत नाही: पॉलिश पेपर घासायला वेळ मिळतो, तर चार ओळींनाही मिळेल. यंदाच्या पावसाळ्याचे रिकामे दिवस वहीत मांडा आणि पुढच्या वर्षीचा आकडा त्यावरूनच ठरवा.