आकाशाचा कानोसा

संगणकावर टीव्ही पाहता यावा म्हणून बनवलेलं, पेनड्राइव्हएवढं एक यंत्र. त्यातली ‘आरटीएल२८३२यू’ ही चिप इतर रेडिओलहरीही पकडू शकते, हे २०१२च्या सुमारास हौशी मंडळींनी दाखवून दिलं आणि घरबसल्या विमानांचा माग काढणं सामान्य खिशाला परवडू लागलं. जोडीला सात सेंटिमीटरच्या उभ्या तारेचा साधा अँटेना आणि साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी लिहिलेला ‘डम्प१०९०’ हा मोफत प्रोग्राम. अँटेना गच्चीवर असेल आणि भोवती उंच इमारती नसतील, तर ३५,००० फुटांवरचं विमान ४०० किलोमीटरवरूनही ऐकू येतं.

हो, ऐकूच येतं. रडारसारखं हे यंत्र विमान शोधत नाही. विमानाचा ट्रान्सपाँडर जेवढं सांगेल, तेवढंच त्याला कळतं.

सगळे ट्रान्सपाँडर सारखे बोलके नसतात. जमिनीवरचं रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा करतं, विमान १०९०वर उत्तर देतं. ‘मोड ए’ फक्त चार आकडी संकेत कळवतो. आकडे ० ते ७, म्हणून एकूण संकेत ४,०९६. त्यात ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे आणीबाणी. ‘मोड सी’ उंचीही कळवतो. ही उंची कळण्याचं मोल भारताला १२ नोव्हेंबर १९९६ रोजी समजलं. चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं धडकून ३४९ जण गेले, तेव्हा दिल्लीच्या नियंत्रकापुढच्या रडारवर विमानांची उंची दिसतच नव्हती.

‘मोड एस’मध्ये प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतःचा पत्ता मिळाला. मात्र ठिकाण त्यातही नाही. चार रिसीव्हरांपर्यंत एकच संदेश पोचायला लागलेल्या वेळेतला फरक मोजून ते काढावं लागतं. यालाच मल्टिलॅटरेशन म्हणतात.

‘एडीएस-बी’ मात्र कुणी विचारायची वाट पाहत नाही. जीपीएसवरून मिळालेलं आपलं ठिकाण ते सेकंदाला साधारण दोनदा जाहीर करतं. ११२ बिटांचा हा संदेश १२० मायक्रोसेकंदांत संपतो. पडद्यावर तो २८ अक्षर-अंकांच्या ओळीत उमटतो, बहुधा ‘८डी’ने सुरू होणाऱ्या. पुढची सहा चिन्हं म्हणजे विमानाचा पत्ता. त्याची सुरुवात ८०, ८१, ८२ किंवा ८३ने झाली, तर विमानाची नोंदणी भारतातली. अमेरिकेत १८,००० फुटांखाली उडणारी अनेक छोटी विमानं ९७८ मेगाहर्ट्झवर बोलतात. ती १०९०च्या अँटेनाला कळत नाहीत.

या संदेशाला ना कुलूप, ना सही. म्हणून तर तो घरी वाचता येतो, आणि म्हणूनच त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. जीपीएसमध्ये कुणी ढवळाढवळ केली, तर विमान भलतंच ठिकाण प्रामाणिकपणे सांगत राहतं. लढाऊ विमानं तर हवं तेव्हा गप्प बसतात. तेव्हा हा छंद जरूर करावा, पण नकाशा कोरा दिसला म्हणून आकाश रिकामं आहे, असं समजू नये.