खलनायक शेजारीच निघाला तर?

थ्रिलर आवडतात? मग अरविंद अडिगांची 'लास्ट मॅन इन टॉवर' (२०११) ही इंग्रजी कादंबरी वाचाच. मुंबईत वाकोल्याची विश्राम सोसायटी. बिल्डर प्रत्येक घराला घसघशीत पैसे देतोय. अट एकच, ठरलेल्या मुदतीत सगळ्यांचा होकार हवा. शेवटी अडून बसतात ते एकटे निवृत्त मास्तर. मग धास्ती वाटते ती बिल्डरपेक्षा वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यांची.

नवेगाव बांधच्या पोरापोरींना ही गोष्ट फक्त मुंबईची वाटणार नाही. इथल्या जंगलातल्या गावांचं पुनर्वसन आपण जवळून पाहिलंय. तिकडे टॉवर, इकडे वाघ, प्रश्न तोच. सगळे 'हो' म्हणत असताना एकाच्या 'नाही'चं काय करायचं? तुम्ही कुणाच्या बाजूने, हे पुस्तक संपायच्या आत ठरवून बघा.