दुर्बिणीच्या माउंटसाठी कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

आज लखनौहून बोलतोय. इथे 'तारेवाली कोठी' नावाची एक इमारत आहे. अवधचे नवाब नसीरुद्दीन हैदर यांच्या काळात तिथे वेधशाळा सुरू झाली आणि रिचर्ड विलकॉक्स तिचे प्रमुख होते. 1848 मध्ये ते वारले आणि 1849 मध्ये वाजिद अली शाहांनी वेधशाळा बंद केली. तिथली निरीक्षणं छापली गेलीच नाहीत, पुढे कागदही नष्ट झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

आता आपला प्रश्न. माउंट चालवायला महागडा कॉम्प्युटर लागतो का? नाही. मोटर फिरवण्याचं काम माउंटमधलंच सर्किट करतं. कॉम्प्युटर फक्त 'अमुक ठिकाणी जा', 'थोडं डावीकडे सरक' असे छोटे निरोप पाठवतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांचा जुना लॅपटॉपही पुरतो. खर्च वाढतो तो कॅमेऱ्यामुळे. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला करायचं काय आहे?

पहिलं काम, नुसतं बघणं. 'स्टेलेरियम'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये तारा निवडायचा आणि दुर्बीण तिकडे वळवायची. घरातला कुठलाही लॅपटॉप चालेल.

दुसरं काम, तेजोमेघांचे फोटो. इथे दुसरा छोटा कॅमेरा दर एक-दोन सेकंदांनी ताऱ्याचा फोटो घेतो आणि तारा सरकला तर माउंटला दुरुस्ती कळवतो. याला ऑटोगाइडिंग म्हणतात. 16 मेगापिक्सेलचा एक 16 बिट फोटो साधारण 32 एमबीचा होतो. मिनिटाला एक घेतला तरी तासाला जवळजवळ 2 जीबी! 8 जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर काम निवांत होतं.

तिसरं काम, गुरू-शनीचे व्हिडिओ. सेकंदाला शंभर फ्रेम घ्यायच्या तर यूएसबी 3 आणि वेगवान एसएसडी हवीच. इथे काटकसर करू नका.

आता विंडोज की लिनक्स? विंडोजवर 'अ‍ॅस्कॉम' आहे, लिनक्सवर 'इंडी'. रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड माउंटलाच बांधता येतो आणि घरात बसून वायफायवरून मोबाईलवर सगळं दिसतं. लखनौच्या थंडीत, दव पडत असताना, ही मोठी सोय आहे. पण घेण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर त्यावर चालतो का, हे नक्की बघा. विंडोजच हवं असेल तर 12 व्होल्टवर चालणारा मिनी पीसी घ्या. माउंटची बॅटरीही बहुधा 12 व्होल्टचीच असते, त्यामुळे इन्व्हर्टरची भानगड राहत नाही.

आता घड्याळ. आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं, म्हणजे पूर्ण चंद्राच्या अर्ध्या रुंदीइतकं. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. कुणी घाईत नुसतं 5 भरलं, तर अर्ध्या तासाची चूक होते आणि दुर्बीण साडेसात अंश, म्हणजे पंधरा चंद्र ओळीत मावतील इतकी, भलतीकडे जाते! मग बिचाऱ्या माउंटला दोष. रास्पबेरी पाय 4 मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. गच्चीवर इंटरनेट नसेल तर वेळ हाताने भरा किंवा जीपीएस जोडा. अक्षांश-रेखांशही आपल्या गावाचे भरा. लखनौ साधारण 26.85 उत्तर, 80.95 पूर्व. पुण्याचे आकडे इथे चालणार नाहीत. ध्रुवतारा पुण्यात सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो, इथे सत्तावीस अंशांवर.

विंडोज असेल तर स्लीप आणि आपोआप होणारे अपडेट रात्रीपुरते बंद करा. यूएसबीची वीज वाचवण्याची सेटिंगही बंद करा, नाहीतर ऐन वेळी माउंटचा संपर्क तुटतो. केबल नेहमी त्याच पोर्टला लावा, म्हणजे कॉम पोर्टचा नंबर बदलत नाही. आणि नवीन काही घेण्याआधी घरातला जुना लॅपटॉप एक रात्र लावून बघा. अनेकांचे पैसे तिथेच वाचतात.

आता तारेवाली कोठी. उपकरणं उत्तम होती, माणसं मेहनती होती, पण नोंदी उरल्या नाहीत. तेव्हा सकाळी झोपण्याआधी रात्रीचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. कॉम्प्युटर बिघडला तर दुसरा घेता येतो, गेलेली रात्र परत मिळत नाही.

भेटू पुढच्या भागात.