तापलं की सरकतं

काच हे वंगण आहे असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा आधी म्हणणाऱ्याकडेच नीट बघून घेईल. काच कापते. तिची पूड कागदावर चिकटवून लाकूड घासतात. पण फ्रान्समध्ये १९४० च्या दशकात झाक सेजूर्ने यांनी तापलेलं पोलाद सरकवायला नेमकी काच वापरली, आणि युजीन-सेजूर्ने प्रक्रिया या नावाने ती जगभरच्या कारखान्यांत पोहोचली. १९५१ मध्ये तिला अमेरिकेचं पेटंटही मिळालं.

अडचण अशी होती. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला तापवलेला पोलादाचा ठोकळा प्रचंड दाबाने डायच्या भोकातून रेटायचा, म्हणजे पलीकडून नळी किंवा पट्टी बाहेर पडते. सोऱ्यातून चकली पडते तशीच, फक्त इथे सोऱ्याचाच जीव पिठाच्या आचेने जायची वेळ आलेली असते. कारण डायही पोलादाचीच, आणि सहाशे अंशांच्या आसपास तिचा कणखरपणा उतरायला लागतो. ग्रीसमध्ये ग्रॅफाइट कालवून लोक काम भागवत होते. ग्रीस भडकून जळून जाई, धातू डायला धरे, आणि थोडीशी लांबी निघते न निघते तोच डाय बाद होई.

सेजूर्नेंच्या पद्धतीत भट्टीतून निघालेला ठोकळा आधी काचेच्या पुडीवरून लोळवत नेतात. पूड त्याला चिकटते आणि वितळून अंगभर पसरते. डायच्या तोंडाशी काचेच्या भुकटीचीच, दाबून बसवलेली जाड चकती ठेवलेली असते. दाब सुरू झाला की ठोकळ्याला टेकलेला तिचा पातळ पापुद्रा तेवढा वितळतो आणि धातूबरोबर भोकातून बाहेर जातो. मग त्याच्यामागचा पापुद्रा वितळतो. कुणी पंप चालवत नाही, कुणी कुपी ओतत नाही. प्रेसचा दट्ट्या पुढे जातो आहे तेवढे काही सेकंद वंगण आपोआप पुरत राहतं. शिवाय काच उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे डायही वाचते. नळी थंड झाली की तिच्यावर काचेची मिलिमीटरच्या काही शतांश जाडीची साल राहते. ती छर्रे मारून किंवा आम्लात बुडवून काढावी लागते, आणि हे काम किचकटच आहे. खरी कारागिरी मात्र काचेच्या घडणीत. कामाच्या तापमानाला ती फार पातळ झाली तर दाबाने निसटून जाते; फार दाट राहिली तर नळीवर वळ उमटतात.

मला या शोधात काचेपेक्षा विचाराची दिशा महत्त्वाची वाटते. बाकीचे सगळे उष्णतेत टिकेल असं काहीतरी शोधत होते. सेजूर्नेंनी असा पदार्थ घेतला, जो उष्णता लागल्याशिवाय वंगणच होत नाही. पुढच्या ऐंशी वर्षांत या विषयात जे जे चाललं, त्यातलं बरंचसं याच वाटेने गेलं आहे.

तेलाची वाट तशी लवकर संपते. जेट इंजिनातलं नेहमीचं कृत्रिम तेल दोनशे अंशांच्या वर फार काळ तग धरत नाही. अगदी खास, महागड्या द्रवांची मजल तीनशेच्या आसपास. त्यापुढे तेलाचा कोळसा होतो. मग पाळी येते घन वंगणांची. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे त्यातलं लाडकं, पण हवेत साधारण साडेतीनशे-चारशे अंशांना ते जळून त्याचं ऑक्साइड होतं. ग्रॅफाइट पाचशेच्या आसपास जळू लागतं. ग्रॅफाइटची तर आणखी एक खोड आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांतल्या जनरेटरचे कार्बन ब्रश बघता बघता झिजून भुकटी होऊ लागले. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी दाखवून दिलं की ग्रॅफाइटचा गुळगुळीतपणा हवेतल्या बाष्पाच्या जिवावर असतो. उंचावरच्या कोरड्या हवेत ते बाष्पच नसतं.

तरीही पुणे-पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या फोर्जिंगच्या शेडमध्ये आजही ग्रॅफाइटचंच राज्य आहे, तेही बाराशे अंशांच्या बिलेटसमोर, म्हणजे तापलेल्या ठोकळ्यासमोर. हे जमतं कसं? बिलेट आणि डाय यांची गाठ सेकंदाच्या काही अंशापुरती, फार तर सेकंदभर पडते, आणि तेवढ्यात ग्रॅफाइट जळून संपत नाही. पाण्यात कालवलेलं ग्रॅफाइट दर घावानंतर डायवर फवारतात. पाणी उडून जातं, जाताना डाय थोडी गार करतं, आणि मागे काळा पातळ थर राहतो. डाय मात्र फार तापून चालत नाही. तापली, तर थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, थेंब पृष्ठभागाला न भिडता उड्या मारत निघून जातो आणि ग्रॅफाइट बसतच नाही. म्हणून डायचं तापमान दीडशे ते तीनशे अंशांत राखण्यावर सगळी मदार. शेडच्या भिंती, हातमोजे, कपाळाचा घाम, सगळं काळं करणारा हा प्रकार टाळण्यासाठी ग्रॅफाइटविरहित ‘पांढरी’ वंगणंही निघाली आहेत. पण अवघड आकाराच्या कामाला अजून काळ्यावरच भिस्त ठेवणारे पुष्कळ आहेत.

पण एकच भाग तासन्‌तास तापलेला राहून फिरत असेल तर? हा प्रश्न घेऊन ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या लुईस संशोधन केंद्रात (आताचं नासाचं ग्लेन केंद्र) हॅरल्ड स्लायनी यांनी अनेक वर्षं घालवली. त्यांना एक वंगण नको होतं, जोडी हवी होती. चांदी मऊ, साध्या तापमानापासून चार-पाचशे अंशांपर्यंत ती दोन पृष्ठभागांमध्ये छान पसरते, पण त्यापुढे फार लिबलिबीत होते. याच्या उलट कॅल्शियम आणि बेरियमची फ्लोराइडं. थंडपणी ती ठिसूळ, वंगण म्हणून निरुपयोगी. चार-पाचशे अंश ओलांडले की तीच मऊ पडून सरकू लागतात आणि नऊशेपर्यंत साथ देतात. एकाची सद्दी संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. (कॅल्शियम फ्लोराइड म्हणजे आपलं फ्लोरस्पार. गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगरला त्याची खाण आहे, आणि पोलादाच्या भट्टीत मळी पातळ करायला ते वापरलं जातं.)

ही जोडी नुसती लावली तर पुसून जाईल, म्हणून ती एका कठीण सांगाड्यात कोंडली. पीएस-२१२ या लेपात सत्तर टक्के निकेल-कोबाल्टने बांधलेलं क्रोमियम कार्बाइड, पंधरा टक्के चांदी आणि पंधरा टक्के फ्लोराइडं. पीएस म्हणजे प्लाझ्मा-स्प्रे. लेप उत्तम, पण इतका कठीण की घासून मापात आणायला हिऱ्याचं चाक लागे, आणि खर्च त्यातच जाई. म्हणून त्याच केंद्रातल्या क्रिस्टोफर डेलाकोर्ट यांच्या काळात पीएस-३०४ आला: कार्बाइडऐवजी निकेल-क्रोमियम आणि क्रोमियम ऑक्साइड. फॉइल बेअरिंगमध्ये त्याने नाव काढलं.

फॉइल बेअरिंग ही मोठी मजेशीर चीज आहे. पातळ पत्र्याच्या आत शाफ्ट वेगाने फिरू लागला की तो हवेच्याच थरावर तरंगतो. तेल तापलं की पातळ होतं; हवा तापली की उलट अधिक दाट वागते, म्हणजे भार पेलायला जास्तच उपयोगी. घासाघीस होते ती फक्त सुरू होताना आणि थांबताना. तेवढ्या क्षणांसाठी शाफ्टवर पीएस-३०४ चा लेप. साडेसहाशे अंशांपर्यंत एक लाखाहून जास्त वेळा सुरू-बंद करून या बेअरिंगची आणि लेपाची परीक्षा झाली.

आणि तरी पीएस-३०४ मध्ये खोट निघालीच. तापवल्यावर तो फुगायचा. सांगाड्यातल्या निकेल-क्रोमियममधून क्रोमियमचे कण वेगळे पडत आणि लेपाची जाडी वाढे. ज्या बेअरिंगमध्ये फटी मायक्रॉनमध्ये मोजतात, तिथे हे परवडत नाही. आधी भाजून घ्या, फुगू द्या, मग घासून मापात आणा, असा उपाय काढला गेला. नंतरच्या पीएस-४०० मध्ये सांगाडाच बदलून निकेल-मॉलिब्डेनम-ॲल्युमिनियमचा केला आणि चांदी-फ्लोराइडं पाच-पाच टक्क्यांवर आणली. फुगणं थांबलं, पृष्ठभागही गुळगुळीत आला. पण वंगण कमी झाल्यामुळे हा लेप कोरा असताना थंडपणी नीट सरकत नाही. एकदा चांगला तापवून चालवला की वर चकचकीत थर धरतो, आणि मग थंडपणीही बरा वागतो.

असा थर कुठलंही वंगण न घालताही धरतो, हे मँचेस्टरच्या संशोधकांनी निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूंवर बारकाईने अभ्यासलं. घासून निघालेली ऑक्साइडची धूळ उष्णतेने एकमेकांत बसते, दाबली जाते आणि गुळगुळीत पापुद्रा होते. झिजेतूनच झिजेवर उतारा.

सिरॅमिकचं दुखणं आणखी वेगळं. १९८० च्या दशकात अमेरिकन सैन्य आणि कमिन्स यांनी रेडिएटरच नसलेल्या, सिरॅमिकचे भाग बसवलेल्या डिझेल इंजिनचा घाट घातला; तसा ट्रकही रस्त्यावर धावला. पण पिस्टनच्या रिंगांना त्या तापमानात तेल पुरेना. पेन स्टेट विद्यापीठात अर्विन क्लाउस यांनी तेलाऐवजी फॉस्फेट एस्टरची वाफ सोडून पाहिली. तप्त पोलादाला लागताच ती वाफ विघटित होऊन सरकणारा थर बसवते. सिरॅमिकवर मात्र थर नीट धरेना, कारण त्या क्रियेला लोखंडाचा हात लागतो. ज्या रासायनिक अलिप्ततेसाठी सिरॅमिक निवडलं, तीच इथे आड आली. शेवटी सिरॅमिकच्या अंगाला आधी थोडं लोखंड चढवावं लागलं, तेव्हा कुठे वाफ कामाला लागली.

अलीकडच्या लेपांत चांदी पुन्हा आली आहे, पण आता भांडण तिच्या घाईशी आहे. ओहायोतच डेटनजवळ अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेत आंद्रेई व्होएवोदिन आणि क्रिस्टोफर मुरातोरे यांनी झिर्कोनिया, चांदी आणि मॉलिब्डेनम यांचा लेप केला. तापला की आतली चांदी आपणहून वर येते, आणि अजून तापला की मॉलिब्डेनमची ऑक्साइडं काम हाती घेतात. पण चांदी एकदम येते. पहिल्याच तापाला सगळा साठा पृष्ठभागावर, आणि दुसऱ्या खेपेला आत काहीच शिल्लक नाही. म्हणून त्यांनी लेपावर टायटॅनियम नायट्राइडचं झाकण बसवलं आणि त्याला बारीक भोकं ठेवली. चांदीला आता आडवं सरकत भोकापर्यंत जावं लागतं, तिथून थोडी थोडी बाहेर पडावं लागतं. भोकं किती आणि किती अंतरावर, यावर लेपाचं आयुष्य ठरतं.