चाकांवरचे घर आणि टायरमधली हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंक्चरच्या दुकानासमोर गाडी थांबवली की आतला पोरगा नळी ओढत बाहेर येतो आणि विचारतो, "किती भरू?" दहापैकी आठ जण सांगतात, "नेहमीएवढी." स्कूटरला किंवा छोट्या मोटारीला हे उत्तर बहुधा खपून जाते. मोटारीत चार माणसे बसली काय आणि एकटा चालक असला काय, फरक पडून पडून दोन-अडीचशे किलोंचा पडणार, आणि तेवढा कंपनीने आधीच धरलेला असतो. पण ज्या गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, फ्रिज आहे, पाण्याची टाकी आहे, तिची "नेहमीएवढी" हवा म्हणजे किती? आज मला याच प्रश्नावर बोलायचे आहे.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. परदेशात हा प्रकार जुना. आपल्याकडे तो आत्ता कुठे रुजू लागला आहे. करोनाच्या काळात हॉटेलात उतरायची लोकांना धास्ती वाटू लागली आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पिंपरी-चिंचवडकरांना गाडी हा प्रकार नवा नाही. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी आमची पिढी. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, तरी त्यांच्या ट्रॅव्हलरला लोक अजून "टेम्पो ट्रॅव्हलर"च म्हणतात. अशीच एखादी व्हॅन घ्यायची, बाके काढून टाकायची आणि आत संसार मांडायचा, ही आपल्याकडची मोटरहोम. मी स्वतः या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या वाहनचाचणी विभागात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे असे संसार मांडणारे लोक सल्ल्याला येतात. पडदे कोणत्या रंगाचे, सोलर किती वॅटचा, हे सगळे त्यांनी ठरवलेले असते. टायरमध्ये हवा किती, हे मात्र कुणी ठरवलेले नसते.

आधी एक साधी गोष्ट सांगतो. गाडीचे वजन टायरचे रबर उचलत नाही, आतली कोंडलेली हवा उचलते. रबर आणि त्यातले धागे यांचे मुख्य काम हवेला कोंडून ठेवण्याचे. आपण "तीस पौंड हवा" म्हणतो, तेव्हा दर चौरस इंचावर तीस पौंडांचा दाब, असा त्याचा अर्थ असतो. किलोत सांगायचे तर साधारण १४ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. आता एका चाकावर ९७० किलो भार आहे आणि आत ६० पौंड हवा आहे, असे समजा. तेवढा भार पेलायला टायर जमिनीवर सुमारे २३० चौरस सेंटिमीटर टेकतो. म्हणजे दोन पोस्टकार्डांपेक्षा थोडी कमीच जागा! जवळजवळ टनभर वजन तेवढ्या जागेवर तोललेले असते. हवा पन्नासवर आणली, तर तोच टायर पावणेतीनशे सेंटिमीटर टेकेल. जास्त टेकायचे म्हणजे जास्त दबायचे. चाकाच्या दर फेऱ्याला टायरची बाजू जास्त वाकणार, पुन्हा सरळ होणार. लोखंडी तार हातात धरून दहा-वीस वेळा वाकवली की ती गरम होते आणि मग तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेले असते. टायरच्या बाजूचे तेच होते, फक्त ते मिनिटाला शेकडो वेळा होते.

म्हणून हवा ठरते ती चाकावरच्या भारावरून. हे एकदा ध्यानात आले की बाकीचे सोपे आहे.

लोक हवेचा आकडा तीन ठिकाणी शोधतात. पहिले ठिकाण चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरचा स्टिकर. तो आकडा विश्वासाचा. पण तो कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचा आहे, तुम्ही आत घर बांधल्यानंतरच्या गाडीचा नव्हे. दुसरे ठिकाण टायरची बाजू. तिथे बारीक अक्षरात "कमाल भार इतका, दाब इतका" असे कोरलेले असते. बरेच जण तोच आकडा भरायचा असे समजतात. तसे नाही; पूर्ण भाराला किती दाब लागतो, ते तिथे सांगितलेले असते. तिसरे ठिकाण म्हणजे शेजारच्या ट्रॅव्हल्सवाल्याचा सल्ला. त्याची गाडी वेगळी, त्याचे प्रवासी वेगळे. त्याला नमस्कार करावा आणि पुढे जावे.

टायरच्या बाजूला आणखी एक आकडा असतो, तो मात्र पाठ करण्यासारखा. मापाच्या पुढे १०६, १०९, ११२ असे काहीतरी लिहिलेले असते. हा भारांक. १०६ म्हणजे त्या एका टायरने ९५० किलो पेलावेत, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. यापुढे एक किलोही नाही. नवीन टायर घेताना दुकानदार "साइज तीच आहे साहेब, दोनशे रुपये कमी पडतील" म्हणतो, तेव्हा हा आकडा कमी तर नाही ना, एवढे बघायचे.

टायर किती पेलू शकतो, ते असे कळते. प्रत्यक्ष भार किती आहे, ते मात्र काट्यावर गेल्याशिवाय कळत नाही. आपल्या भागात वजनकाट्यांना काय तोटा! भोसरी एमआयडीसीत आहेत, चाकण परिसरात तर आहेतच. भंगाराच्या आणि पोलादाच्या ट्रकच्या रांगेत मोटरहोम उभी करायला लोक लाजतात, लाजू नये. काट्याची किरकोळ फी भरून जे कळते, ते हजारो रुपयांच्या सेन्सरनेही कळत नाही. मात्र गाडी भरून न्यायची. पाण्याची टाकी भरलेली, सिलिंडर चढवलेला, डिझेल भरलेले, घरची माणसे आत बसलेली, अगदी पापड-लोणच्याच्या बरण्यांसकट. आधी पूर्ण गाडीचा काटा करायचा, मग फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची. काटा जमिनीच्या पातळीत बसवलेला असेल, तर एकेका बाजूची चाकेही वेगळी मोजता येतात. काटेवाल्याला दोन शब्द गोड बोलावे लागतात, एवढेच.

चिंचवडच्या एका निवृत्त जोडप्याची गाडी आम्ही अशीच मोजली. मागे दोनच चाके, टायर १०९ भारांकाचे, पूर्ण भाराला ६५ पौंड हवा. दोघेही व्यवस्थित, प्रवासाची वही ठेवणारे. चारही टायरना पन्नास पौंड हवा ठेवत होते, कारण व्हॅन घेतली तेव्हा कुणीतरी तसे सांगितले होते. काट्यावर पुढे १४२० किलो भरले आणि मागे १९४०. मागच्या प्रत्येक चाकावर ९७० म्हणजे ठीक, असे वाटेल. पण ओटा डाव्या बाजूला, पाण्याची शंभर लिटरची टाकी त्याच ओट्याखाली आणि बॅटऱ्याही तिथेच, कारण वायरिंग सोयीचे पडत होते. एकेक चाक मोजले, तेव्हा मागचे डावे निघाले १०२० आणि उजवे ९२०. टायरची मर्यादा १०३०. उरले दहा किलो. त्या काट्याची मोजणीच दहा-दहा किलोंनी होत होती, म्हणजे खरोखर काही उरले होते की नाही, हेही सांगता येईना. नातवंडे बरोबर आली असती, तर ती खुशाल मर्यादेबाहेर. आणि एवढ्या भारावर आत हवा पन्नास!

काकूंनी लगेच विचारले, "मग सत्तर भरू या का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर आहे, नाही. ठरलेल्या कमाल दाबापर्यंत हवेबरोबर टायरची ताकद वाढते. त्यापुढे हवा कितीही भरा, ताकद तेवढीच राहते. भार जास्त असेल तर भार कमी करायचा, हलवायचा किंवा जास्त भारांकाचे टायर घ्यायचे. त्यांनी बॅटऱ्या उजवीकडच्या पलंगाखाली नेल्या. वायर चार मीटर जास्त लागली, पण दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्या. मग टायर कंपनीच्या तक्त्यात भारासमोरचा दाब पाहिला. मागे साठ आले. पुढच्या टायरवर ७१० किलोच होते, त्यांना चाळीसच्या वर थोडीच लागत होती. ब्रेक मारल्यावर भार पुढे येतो म्हणून ती पंचेचाळीस ठेवली. म्हणजे चारही टायरना पन्नास ठेवताना मागे हवा कमी होती आणि पुढे जास्त. हे आकडे त्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीला लावू नका. आणि एकूण वजन आरसीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत आहे ना, तेही त्याच चिठ्ठीवरून पाहून घ्या. एमएच-१४ असो की आणखी कोणती, गाडीत असे बदल केले की आरटीओची मंजुरी लागतेच.

आता सगळ्यात धोकादायक समजुतीकडे येतो. "उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेव. टायर तापून फुटेल." हे वाक्य मी मालकांकडून ऐकले आहे, चालकांकडून ऐकले आहे आणि चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकले आहे. ऐकायला ते पटते. हवा तापली की दाब वाढतो, हे शाळेत शिकलेलेच असते. साठ पौंडांच्या टायरमध्ये दर दहा अंशांना सुमारे अडीच पौंड दाब वाढतो. गाडी तासभर पळवली की साठचे सहासष्ट-सदुसष्ट सहज होतात. पण टायर बनवणाऱ्याने हे धरूनच साठ सांगितलेले असतात. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकण्याने तापतो, तापून आतले थर एकमेकांपासून सुटतात. भर उन्हात जास्त भाराची गाडी घेऊन निघताना हवा कमी करणे म्हणजे तापलेल्या माणसाला गोधडी पांघरण्यासारखे आहे.

याचा मोठा धडा अमेरिकेला २००० साली मिळाला. फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीच्या फायरस्टोन टायरांचे पट्टे धावताना सुटत आणि गाड्या उलटत. ६५ लाख टायर परत मागवावे लागले. अडीचशेहून अधिक माणसे गेली. टायरांच्या बनावटीतही दोष निघाले. पण वादाचा एक मुद्दा असा होता की, फोर्डने २६ पौंड हवा सांगितली होती आणि फायरस्टोनचे म्हणणे ३० हवी असे होते. चार पौंडांवर एवढे मोठे भांडण! त्याच प्रकरणानंतर तिथे कायदा झाला आणि नव्या गाड्यांत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आपल्याकडेही रस्ते बदलले. पूर्वी घाटात, खड्ड्यांत गाडी आपोआप हळू व्हायची आणि टायरला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता चाकणची कोंडी एकदाची पार केली की नाशिक रस्त्याने सिन्नर गाठायचे आणि तिथून समृद्धी महामार्ग. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तासन् तास एकाच वेगाने गाडी पळते, टायरला उसंत नाही. अशा प्रवासाला निघताना हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासायची. सांगितलेला दाब हा नेहमी थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. एका बाजूच्या टायरवर ऊन पडलेले असेल, तर तोही फसवतो. आणि धाब्यावर थांबल्यावर मीटरमध्ये सदुसष्ट दिसले म्हणून हवा सोडायची नाही. ती सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर त्रेपन्न-चोपन्नवर आलेला असेल.

जास्त हवेचा त्रास वेगळा. टायर मधोमध झिजतो, पावसात खंडाळ्याच्या उतारावर पकड कमी होते, आणि मोटरहोमची खास गंमत म्हणजे कपाटांचे स्क्रू सैल होऊन कपबशा खाली येतात.

नायट्रोजनचे विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू निसटतो, एवढा फायदा खरा; पण तापला की तोही साध्या हवेसारखाच वाढतो. भरायचा तर भरा, मात्र तपासणे सोडू नका.

ही घरे वर्षातले बरेच महिने सोसायटीच्या आवारात उभी असतात, हीही एक अडचण. टायरमधून महिन्याला पौंड-दोन पौंड हवा काही न होताच निघून जाते. रबर उन्हाने कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. टायरवर कोरलेले शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी बघून नव्हे, हे आकडे बघून टायर बदलायचा. स्वतःचा दाबमापक गाडीत ठेवा. दुकानातल्या दोन मीटरचे एकमत मी क्वचितच पाहिले आहे.

आणि स्टेपनी. छोट्या मोटारींना दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे सामान दिले असेल, तर २०२० च्या नियमाने स्टेपनी न देण्याची मुभा आहे. मोटरहोमला मात्र ती लागतेच, आणि तीच गाडीच्या पोटाखाली वर्षानुवर्षे विसरलेली असते. तिच्यात मागच्या टायरएवढी, म्हणजे सगळ्यात जास्त लागणारी हवा भरून ठेवा. पुढच्या चाकाला लावायची वेळ आली, तर रस्त्याच्या कडेला हवा सोडता येते. भरायला तिथे कॉम्प्रेसर कुठून आणणार?